तुकोबांचे दिवाळे आणि इंद्रायणीतील खते

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. शके १५७१ च्या फाल्गुनात, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, याच तिथीस श्रीतुकाराम महाराजांनी देहू येथून वैकुंठगमन केले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. आपल्या तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याच्या धानपट्ट्यात, हा काळ हिशेबाचा असतो. खळ्यावरचे धान केव्हाच बाजारात गेलेले असते. सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर फेडावयाचे असते. कोणाचे येणे येते, कोणाचे देणे राहते, आणि ज्याच्या वहीत देणेच उरते त्याची मान खाली जाते. अशा दिवसांत तुकोबांचे स्मरण करताना एक गोष्ट विसरू नये. ज्यांच्या अभंगांनी साडेतीन शतकांहून अधिक काळ महाराष्ट्राला धीर दिला, त्या महात्म्याचेही एकदा दिवाळे निघाले होते.

तुकोबांचा जन्म इंद्रायणीकाठच्या देहू गावी झाला. इ. स. १६०८ हे त्यांचे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. वडिलांचे नाव बोल्होबा, मातेचे कनकाई. घराणे मोऱ्यांचे, जातीने कुणबी. परंतु व्यवसाय वाण्याचा. शेती होती, दुकान होते, सावकारी होती आणि पेठेची महाजनकीही होती. महाजन म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणारा वतनदार. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरी विठ्ठलाची सेवा व पंढरीची वारी चालत आलेली. थोरले बंधू सावजी स्वभावतः विरक्त असल्याने मधल्या तुकोबांच्या हाती लहान वयातच, तेराव्या वर्षी, व्यवहाराच्या किल्ल्या आल्या. धाकटे कान्होबा अजून लहान होते. पहिल्या पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असत, म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाबाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. घर भरलेले होते. कशाची म्हणून उणीव नव्हती.

पुढे मात्र दैव फिरले. तुकोबांच्या सतराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले. त्यानंतर भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. दुकानातील माल उधारीवर जाई, वसुली मात्र होईना. कठोर होऊन दारात धरणे धरण्याचा तुकोबांचा स्वभाव नव्हता. सोयऱ्याधायऱ्यांनी एकदोनदा भांडवल देऊन व्यवहार सावरून पाहिला, पण तोही बुडाला. जिजाबाईंनी स्वतःच्या नावाने दोनशे रुपये कर्जाऊ काढून दिले. त्या रकमेवर मिठाचा व्यापार करून तुकोबांनी अडीचशे केले, आणि परतताना कर्जापायी गांजलेल्या एका ब्राह्मणाची दशा पाहून ते त्यालाच देऊन टाकले, अशी कथा महीपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात आहे.

त्यातच इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. पाऊस गेला, गुरे गेली, अन्न मिळेना. रखमाबाई अन्नावाचून गेल्या. थोरला मुलगा संतूही गेला. पेठेतील पत संपली आणि ज्यांनी काल मान दिला त्यांनीच आज नावे ठेवली. या अपमानाची व पत्नीच्या अशा मृत्यूची व्यथा तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगांत झाकून ठेवलेली नाही. दिवाळे निघाले ही गोष्ट त्यांनी उघडपणे सांगितली. लाज वाटली हेही सांगितले.

मन उद्विग्न होऊन ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. आपल्या जिल्ह्याच्याच नावाचा भंडारा डोंगरही देहूजवळ आहे. त्यांच्या चिंतनाचे ते दुसरे स्थान. कान्होबा शोधीत आले तेव्हा तुकोबांनी घरातील कर्जखते मागवून घेतली. वडिलांच्या काळापासून लोकांकडे येणे असलेल्या रकमांचे ते कागद होते. त्यांचे त्यांनी दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात सोडली. दुष्काळाने मोडलेली कितीतरी कुळे त्या एका क्षणात ऋणमुक्त झाली.

या प्रसंगाचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. तुकोबांनी बुडविले ते आपले येणे; दुसऱ्याचे देणे त्यांनी पाण्यात टाकले नाही. भावाच्या वाट्यालाही त्यांनी हात लावला नाही, कारण धर्म करावा तो आपल्या हक्काच्या धनातून. कान्होबांस प्रपंच करावयाचा होता; तो त्यांनी सुखाने करावा, अशी त्यात सोय होती. म्हणून या कृत्यास व्यवहारशून्यता म्हणता येत नाही. आयुष्यभर वही लिहिलेल्या माणसाने अखेरचा हिशेब चोख करावा, तसेच ते होते.

त्यानंतर त्यांनी पूर्वजांचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर स्वतःच्या श्रमाने नीट केले, आणि पुन्हा सावकारीकडे पाहिले नाही. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणाही त्यांनी नम्रपणे परत केला, अशी परंपरा आहे. या निःस्पृहतेचा भार मात्र जिजाबाईंनी वाहिला. मुलाबाळांचे पोट, येणाऱ्याजाणाऱ्याचे आतिथ्य आणि डोंगरावर भाकरी पोहोचविणे हे सर्व त्या माउलीने केले. तिच्या जिभेची धार लोकांनी लक्षात ठेवली. तिच्या पायांतील काटे विसरले. तिचेच पुत्र नारायणमहाराज यांनी पुढे इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला.

आज घरोघरी तुकोबांच्या प्रतिमेस हार घालताना गृहस्थाने आपली वहीही उघडून पाहावी. देणे असेल ते घरच्यांपासून लपवू नये. फेडण्याची वाट सर्वांनी मिळून शोधावी. येणे असेल तर समोरच्याचे घर कोणत्या दुष्काळातून जात आहे, ते आधी पाहावे. आणि शेजारी कोणी बुडाला असेल, तर त्यास नावे ठेवण्यापूर्वी देहूच्या त्या मोडलेल्या दुकानाची आठवण करावी. लक्ष्मी गेली म्हणून माणूस संपत नाही. तुकोबांचे खरे चरित्र त्यानंतरच सुरू झाले.