मेचनिकॉफ आणि आतड्यातले पहारेकरी

आतड्याचा जंतुसंसर्ग बरा झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा का उलटतो, असे रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. एली मेचनिकॉफ यांच्या चरित्रात या उत्तराचा एक धागा सापडतो.

त्यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्ह परिसरातला. शिक्षण प्राणिशास्त्राचे. पहिली पत्नी क्षयाने गेली, दुसरी विषमज्वरातून कशीबशी वाचली. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि काट्याभोवती जमणाऱ्या पेशी पाहिल्या. रोगजंतू गिळणाऱ्या पेशींवरील या कामाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

आपल्या विषयाशी मात्र १८९२ सालाचा जास्त संबंध आहे. फ्रान्समध्ये कॉलरा होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या मेचनिकॉफ यांनी चक्क कॉलऱ्याचे जंतू प्यायले. काहीच झाले नाही! दुसऱ्या स्वयंसेवकालाही झाले नाही. तिसरा मात्र मरता मरता वाचला. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. पुढे प्रयोगशाळेत त्यांना दिसले की काही जिवाणू कॉलऱ्याच्या जंतूची वाढ रोखतात, तर काही तिला हातभार लावतात. म्हणजे आतड्यात आधीपासून कोण राहते, यावर बरेच ठरते.

पुढे ते आंबवलेल्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते झाले. दह्यातले जिवाणू वार्धक्य लांबवतील, असे त्यांना वाटे. इथे त्यांचा अंदाज फार पुढे धावला. दह्यातला तो बल्गेरियन जिवाणू आतड्यात कायमचा वस्तीला राहत नाही, हे नंतर दिसले. १९१६ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांचा मूळ विचार मात्र टिकला. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले पहारेकरी जिवाणू मेले, की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल हा जंतू फोफावतो आणि उपचारानंतरही परततो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत, असा आजार वारंवार होणाऱ्या रुग्णांना निरोगी दात्याच्या मलातील जिवाणू नळीने दिले. पहिल्याच वेळी १६ पैकी १३ बरे झाले. फक्त व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ पैकी ४.

घरचे दही-ताक जेवणात जरूर घ्या, पण ते या आजारावरचे औषध नाही. जुलाब पुन्हा सुरू झाले, तर गेल्या तीन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक घेतले होते, त्याची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.