फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारोख बुलसारा, ५ सप्टेंबर, १९४६:स्टोन टाउन, झांझिबार - २४ नोव्हेंबर, १९९१:लंडन, इंग्लंड) हे ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. क्वीन या रॉक वाद्यवृंदाचे ते प्रमुख गायक होते. पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले. त्यांनी रचलेले बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे गीत इ.स. १९७५ मध्ये आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये ऐन नाताळात ब्रिटनच्या खपाच्या क्रमवारीत प्रथम स्थानी होते. हा मान दोनदा मिळवणारे ते पहिलेच ध्वनिमुद्रण ठरले.

बालपण आणि शिक्षण

बुलसारा कुटुंब मूळचे गुजरातमधील बुलसर, म्हणजे आजच्या वलसाडचे. फारोख यांचे वडील बोमी हे झांझिबारमध्ये ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत रोखपाल होते. आईचे नाव जेर आणि धाकट्या बहिणीचे नाव कश्मिरा. वयाच्या आठव्या वर्षी फारोख यांना सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे त्यांनी पियानोचे शिक्षण घेतले. बाराव्या वर्षी चार शाळासोबत्यांसह त्यांनी द हेक्टिक्स नावाचा वाद्यवृंद काढला. मित्रमंडळी त्यांना फ्रेडी म्हणू लागली ती याच शाळेत.

इ.स. १९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे क्रांती होऊन रक्तपात झाला आणि बुलसारा कुटुंबाने इंग्लंडमध्ये आश्रय घेतला. लंडनजवळील फेल्टम येथे हे कुटुंब स्थायिक झाले. फ्रेडी यांनी ईलिंग आर्ट कॉलेजमध्ये आलेखी रचनेचे शिक्षण घेऊन इ.स. १९६९ मध्ये पदविका मिळवली.

क्वीनची स्थापना

गिटारवादक ब्रायन मे आणि ढोलवादक रॉजर टेलर यांच्या स्माइल या वाद्यवृंदातून मुख्य गायक बाहेर पडल्यावर इ.स. १९७० मध्ये फ्रेडी त्यांना येऊन मिळाले. वाद्यवृंदाचे क्वीन हे नाव त्यांनीच सुचवले आणि स्वतःसाठी मर्क्युरी हे आडनाव घेतले. इ.स. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन यांच्या प्रवेशाने चौघांचा संच पूर्ण झाला. चौघांच्या राशींवरून बेतलेले क्वीनचे बोधचिन्ह मर्क्युरी यांनी रेखाटले. इ.स. १९७४ मधील किलर क्वीन हे त्यांचे गीत ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले.

बोहेमियन ऱ्हॅप्सडी

निर्मिती

ए नाइट ॲट द ऑपेरा या अल्बमसाठी मर्क्युरी यांनी रचलेल्या या गीताचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. रॉय टॉमस बेकर हे सहनिर्माते होते. संथ भावगीत, ऑपेरासारखा समूहस्वर आणि दणदणीत रॉक असे परस्परांशी न जुळणारे भाग या गीतात एकापाठोपाठ एक येतात आणि अखेरीस ते पुन्हा संथ होते. त्यात वारंवार येणारे ध्रुवपद नाही. समूहस्वराच्या भागासाठी वेगळा गायकवर्ग नव्हता. मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीच आपले आवाज पुनःपुन्हा एकमेकांवर मुद्रित करून तो परिणाम साधला. त्या काळी २४ मार्गांच्या फितीवर ध्वनिमुद्रण होत असे. त्यामुळे आधीचे आवाज एकत्र करून नव्या आवाजांसाठी जागा करावी लागे, आणि या आवृत्त्यांमुळे मूळ फीत झिजून गेली.

प्रकाशन

या गीताची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद होती. रेडिओवर तेव्हा साधारण तीन मिनिटांची गीते वाजत असल्याने ध्वनिमुद्रण कंपनी ते स्वतंत्र तबकडीच्या रूपात काढण्यास नाखूश होती. त्यात काटछाट करण्यास मर्क्युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांच्या हाती गीताची एक प्रत पडली आणि त्यांनी ते शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत १४ वेळा वाजवले. अजून बाजारात न आलेल्या तबकडीची दुकानांतून विचारणा होऊ लागली. ३१ ऑक्टोबर, १९७५ रोजी ती काटछाट न करता प्रकाशित झाली. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस टेलर यांचे गीत होते.

चित्रफीत

बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स या कार्यक्रमात कलावंत ध्वनिमुद्रणाबरहुकूम ओठ हलवून गीत सादर करीत. समूहस्वराचा भाग अशा रीतीने चौघांना सादर करणे अवघड होते, शिवाय क्वीनचा दौराही तोंडावर आला होता. त्यामुळे १० नोव्हेंबर, १९७५ रोजी एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गॉवर्स यांच्या दिग्दर्शनाखाली सुमारे चार तासांत चित्रफीत तयार करण्यात आली. क्वीन २ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी मिक रॉक यांनी अंधारातून उजळलेल्या चार चेहऱ्यांचे छायाचित्र काढले होते. चित्रफितीत ते जिवंत करण्यात आले आणि कॅमेऱ्यानेच साधलेल्या प्रतिमांच्या पुनरावृत्तीची त्याला जोड देण्यात आली. २० नोव्हेंबर रोजी ती प्रथम प्रसारित झाली. तिच्या यशानंतर तबकडीसोबत चित्रफीत काढण्याची प्रथा रूढ होत गेली.

क्रमवारीतील स्थान

नोव्हेंबरअखेरीस हे गीत ब्रिटनमध्ये प्रथम स्थानी पोहोचले आणि सलग नऊ आठवडे तेथेच राहिले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्स येथेही त्याने प्रथम स्थान मिळवले. अमेरिकेत मात्र ते इ.स. १९७६ मध्ये नवव्या स्थानापर्यंतच गेले.

पुढील वाटचाल

ज्या माध्यमाने क्वीनला लोकांच्या घराघरांत नेले, त्याच माध्यमाने पुढे अमेरिकेत त्यांची वाट अडवली. इ.स. १९८४ मध्ये डीकन यांच्या आय वाँट टू ब्रेक फ्री या गीताच्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेष धारण केला होता. डेव्हिड मॅलेट यांनी दिग्दर्शित केलेली ही चित्रफीत कॉरोनेशन स्ट्रीट या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचे विडंबन होती. ब्रिटिश प्रेक्षकांना त्यातील थट्टा लगेच उमगली आणि गीत तिसऱ्या स्थानी गेले. अमेरिकेत ती अनेकांना रुचली नाही आणि गीत ४५ व्या स्थानावर थांबले. इ.स. १९८२ नंतर मर्क्युरी यांनी क्वीनसह अमेरिकेत कार्यक्रम केला नाही.

१३ जुलै, १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी वेम्ब्ली मैदानावर झालेल्या लाइव्ह एड कार्यक्रमात मर्क्युरी यांनी सुमारे वीस मिनिटांच्या सादरीकरणाचा आरंभ बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या पहिल्या भागाने केला. ९ ऑगस्ट, १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम हा क्वीनसोबतचा त्यांचा अखेरचा कार्यक्रम ठरला. पुढे त्यांनी स्पॅनिश ऑपेरागायिका मोंसेरात काबाये यांच्यासह बार्सेलोना हा अल्बम केला.

आजारपण आणि मृत्यू

मर्क्युरी यांना एड्स झाला होता. त्या काळी या रोगाभोवती भीती आणि कलंकाचे वलय होते. त्यांनी आपला आजार निकटवर्तीयांपुरताच ठेवला आणि शक्ती असेतोवर ते ध्वनिमुद्रण करीत राहिले. मे १९९१ मध्ये दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज या गीताच्या चित्रफितीसाठी ते शेवटचे कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. २३ नोव्हेंबर, १९९१ रोजी त्यांनी निवेदनाद्वारे आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमधील गार्डन लॉज या निवासस्थानी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते. त्यांच्यावर पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले.

पुनःप्रकाशन आणि वारसा

९ डिसेंबर, १९९१ रोजी बोहेमियन ऱ्हॅप्सडी ही तबकडी, दुसऱ्या बाजूस दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज घेऊन, पुन्हा प्रकाशित झाली. ब्रिटनमध्ये ती पाच आठवडे प्रथम स्थानी राहिली. तिचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या संस्थेला देण्यात आले. हयातीत ज्या आजाराविषयी मर्क्युरी यांनी मौन पाळले, त्याच आजाराच्या रुग्णांच्या कामी त्यांचे गीत आले. इ.स. १९९२ मध्ये वेन्स वर्ल्ड या चित्रपटातील वापरामुळे अमेरिकेतही त्याने दुसरे स्थान गाठले. पहिल्या प्रकाशनाच्या वेळी तेथे न मिळालेले हे यश पाहण्यास मर्क्युरी हयात नव्हते.

२० एप्रिल, १९९२ रोजी वेम्ब्ली मैदानावर त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टची स्थापना केली. इ.स. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे सरोवरकाठी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. गीताच्याच नावाचा चरित्रपट इ.स. २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील मर्क्युरी यांच्या भूमिकेसाठी रामी मलेक यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. इ.स. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने बोहेमियन ऱ्हॅप्सडीचा समावेश राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत केला.