तेलावरचं आयात शुल्क नेमकं कुणाच्या खिशातून जातं? ही युक्ती काढली एका कविता करणाऱ्या मास्तरांनी

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आठवतात आणि विप्रो आठवते. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, तिचीच पुढे विप्रो झाली. त्यामुळे तेलाच्या भावाची गोष्ट अमळनेरला नवी नाही.

पण सरकारने बाहेरच्या तेलावर शुल्क लावलं, तर ते भरतं कोण? बाहेरचा व्यापारी की इथलं गिऱ्हाईक?

हे मोजायची वाट दाखवली फिलिप ग्रीन राइट यांनी.

त्यांचा जन्म १८६१ चा. अमेरिकेतल्या गेल्सबर्ग गावात लोम्बार्ड कॉलेजात ते गणित, खगोलशास्त्र, अर्थशास्त्र आणि वर इंग्रजी लेखनही शिकवायचे. स्वतः कविता करायचे. घरी छापखाना होता. पुढे मोठा कवी झालेल्या कार्ल सँडबर्गची पहिली पुस्तकं याच मास्तरांनी छापली.

नंतर ते हार्वर्डला आणि पुढे वॉशिंग्टनला एका संशोधन संस्थेत गेले. १९२८ मध्ये, सत्तरीकडे झुकलेले असताना, त्यांचं तेलावरच्या आयात शुल्काचं पुस्तक आलं. खरी गंमत होती त्याच्या परिशिष्टात.

अडचण अशी होती, की बाजारात फक्त भाव आणि विक्री दिसते. भाव चढला तो मागणी वाढली म्हणून की माल कमी आला म्हणून, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही.

राइट यांनी जवसाचं एकरी उत्पादन हाताशी धरलं. पीक घटलं की माल कमी येतो. पण जवसाचं तेल जायचं रंगकामाला आणि शहरात घर रंगवणाऱ्याची गरज काही शेतातल्या पिकावर ठरत नाही. म्हणजे पिकामुळे भाव जेवढा हलला, त्याने विक्री किती हलली एवढंच बघायचं. समजा भाव १० टक्के चढला आणि विक्री फक्त २ टक्के घटली, तर गिऱ्हाईक तेल सोडत नाही. मग शुल्काचा बराच बोजा त्याच्यावरच पडू शकतो.

हीच युक्ती खानदेशात जशीच्या तशी चालणार नाही. इथे पाऊस गेला की भुईमूगही जातो आणि तेल घेणाऱ्या शेतकऱ्याचा खिसाही रिकामा होतो. म्हणजे माल आणि मागणी दोन्ही हलले. इथे दुसरा धागा शोधावा लागेल.

राइट १९३४ मध्ये गेले. पुढे शंका निघाली, की युक्ती त्यांची की त्यांचा जनुकशास्त्रज्ञ मुलगा स्युअल याची? २००३ मध्ये लेखनशैली तपासली गेली आणि कौल वडिलांच्या बाजूने लागला.

या पद्धतीला आज इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं, त्यातही तिचा मोठा वाटा होता.

भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. त्यानंतर बाजारात भाव हलला, तर तो शुल्कामुळे हलला की पिकामुळे, हे आधी वेगळं करावं लागतं. नाहीतर शेतकऱ्याच्या नावाने घेतलेल्या निर्णयाचा फायदा शेतकऱ्याला झाला का, हे कधीच कळणार नाही.