नांदेड ते दिल्ली छोट्या विमानाने: जेआरडींकडून शिकायची तीन गणितं

मॅप उघडा, नांदेडवर बोट ठेवा आणि सरळ वर सरकवा. बोट अकोल्याजवळून जाईल, मग भोपाळ आणि शेवटी दिल्ली. ही सगळी ठिकाणं जवळपास एकाच रेखांशावर आहेत. हवाई अंतर साधारण 1,050 किलोमीटर. आपली सचखंड एक्सप्रेस मात्र आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते आणि मग उत्तरेला वळते. त्यामुळे स्वतःचं छोटं विमान असतं तर सगळ्यांना घेऊन सरळ उत्तरेला गेलो असतो, हा आमच्या घरातला आवडता विषय. मी इंजिनिअर असल्यामुळे तो जरा जास्तच मनावर घेतला. आणि हे शिकायला जेआरडी टाटांइतका चांगला माणूस मला दुसरा सापडला नाही.

विमानाचं वेड कुठून आलं?

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसमधला. वडील टाटा घराण्यातले पारशी, आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावात हे कुटुंब सुट्टीला जायचं. तिथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ, म्हणजे 1909 साली विमानाने इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. विमानं किनाऱ्यावर उतरताना बघूनच हे पोरगं मोठं झालं.

पुढे मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर ते शिकायला गेले आणि 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलं, म्हणजे एक नंबरचं. आगाखान यांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले, ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघे भेटले. ॲस्पी स्पार्क प्लग नसल्यामुळे अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग त्यांना दिला, आणि बक्षीस ॲस्पींनीच जिंकलं.

15 ऑक्टोबर 1932

नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश वायुदलातून आलेले वैमानिक. टपालाची विमानसेवा सुरू करायची कल्पना त्यांनी टाटांकडे आणली. मार्ग ठरला कराची, अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी, मद्रास. पहिल्या दिवशी जेआरडी पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या विमानात 25 किलो टपाल घेऊन कराचीहून सकाळी निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते जुहूला उतरले. पुढचा टप्पा व्हिन्सेंट यांनी उडवला.

कराची ते मुंबई हे अंतरही अहमदाबादमार्गे साधारण 1,050 किलोमीटर, म्हणजे आपल्या नांदेड-दिल्लीएवढंच! विमानात रेडिओ नव्हता, जीपीएस तर लांबच राहिलं. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि खाली दिसणारे रूळ व नद्या, एवढ्यावरच काम. जुहूची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जायची, म्हणून त्या महिन्यांत विमानं पुण्याला हलवायची हेही आधीच ठरवावं लागे.

आता त्याच विमानात आपली ट्रिप

पहिलं गणित वजनाचं. पस मॉथचं रिकामं वजन सुमारे 575 किलो आणि पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त सुमारे 930 किलो. म्हणजे आपल्या हातात 355 किलो. जागा तीन: एक वैमानिक, दोन प्रवासी. प्रत्येकी 70 किलो धरले तर माणसांचेच 210 झाले. उरलेल्या 145 किलोत पेट्रोल, ऑइल आणि बॅगा. बॅग वाढली की पेट्रोल कमी. प्रवासी नसले तर तेच वजन पेट्रोलला देता येतं.

दुसरं पेट्रोलचं. पेट्रोल इथे लिटरपेक्षा वेळेत मोजायचं. समजा पावणेतीन तासांचं भरलं आणि वेग ताशी 170 किलोमीटर. पल्ला झाला साधारण 465. नांदेड-भोपाळ 455. जमलं की! पण थांबा. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा आला तर जमिनीवरचा वेग उरतो 140 आणि पल्ला 385. म्हणजे भोपाळच्या 70 किलोमीटर आधी, नर्मदेच्या आसपास टाकी रिकामी. म्हणून अकोल्याला थांबा घ्यायचा, मग भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. लातूरकरांनी आधी थोडं ईशान्येला येऊन याच रेषेला लागायचं.

तिसरं वाऱ्याचं. अकोला-भोपाळ सुमारे 285 किलोमीटर. पश्चिमेकडून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही विमानाचं नाक भोपाळकडेच धरून बसलात, तर पोचायच्या वेळेला तुम्ही जवळपास 50 किलोमीटर पूर्वेला असाल. म्हणून नाक साधारण 10 अंश पश्चिमेला ठेवायचं. दिशा, वेग आणि वेळ यांवरून आपण कुठे आहोत हे काढायच्या या पद्धतीला डेड रेकनिंग म्हणतात. आज फोन हेच क्षणात दाखवतो. पण फोनला वारा आणि वजन कळत नाही, ते आपणच सांगावं लागतं.

हे फक्त आकडे नाहीत

जेआरडींचा धाकटा भाऊ जमशेद हाही वैमानिक. 1936 साली ऑस्ट्रियात विमान अपघातात तो गेला. व्हिन्सेंट 1942 मध्ये, महायुद्धात, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ विमानासह बेपत्ता झाले. त्यांच्या शेवटच्या उड्डाणांत नियोजन कच्चं होतं असं मी अजिबात म्हणत नाही. पण एवढं गमावूनही जेआरडींनी विमानं सोडली नाहीत. त्यांची टपालसेवा 1946 मध्ये एअर इंडिया झाली आणि 8 जून 1948 ला मुंबईहून लंडनला पहिलं विमान निघालं. 15 ऑक्टोबर 1982 ला, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं. 1992 मध्ये भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आता आमच्या ट्रिपचं बघू. घरात आम्ही चौघं: आई, बाबा, ताई आणि मी. सीट तीन. एकाला रेल्वेनेच यावं लागणार, आणि हे धावपट्टीवर नाही, आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगायला हवं. आईच्या लोणच्याच्या बरणीचंही तेच. आज विमान भाड्याने घ्या किंवा विकत, फ्लाइट प्लॅन, परवानग्या, हवामान हे सगळं त्यात वाढलंय, पण ही तीन गणितं तीच राहिलीत. तुमच्या गावाहूनही एकदा करून बघा. कागद आणि फोनमधला कॅल्क्युलेटर, एवढं पुरे.