हेलन केलर : स्पर्शातून उमगलेली श्रद्धा

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८८० मध्ये जन्मलेल्या हेलन केलर यांची दृष्टी व श्रवणशक्ती १९ महिन्यांच्या असतानाच आजाराने हिरावली. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे, तर १८८७ मध्ये आलेल्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांचा धर्मावर फारसा विश्वास नव्हता. किशोरवयात स्नेही जॉन हिट्झ यांनी दिलेला, उठावाच्या अक्षरांतील ग्रंथ वाचून हेलन यांना स्वीडिश तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग यांचा मार्ग भावला. शारीरिक मर्यादा आत्म्याला बांधू शकत नाहीत, ही खात्री त्यांना तेथे लाभली. ‘माय रिलिजन’ या १९२७ मधील पुस्तकात त्यांनी ती मांडली. मतभिन्नता असूनही सलिव्हन यांनी १९३६ मधील निधनापर्यंत त्यांना साथ दिली. हेलन यांचे १९६८ मध्ये निधन झाले. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये दोघींच्या अस्थी विसावल्या आहेत.