हौशी नजरेचे शतक : जाक आन्री लार्तीग

पॅरिस शहराच्या पश्चिमेस बुलोन्यचे विस्तीर्ण वनोद्यान आहे. त्याकडे जाणारा रुंद राजरस्ता आज आव्हेन्यू फॉश या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी या रस्त्यावर सकाळच्या प्रहरी शहरातील धनिक स्त्रिया फेरफटका मारावयास येत. पिसांनी मढवलेल्या टोप्या, फरचे कोट, हातात साखळीने बांधलेली लहानगी कुत्री असा त्यांचा थाट असे. १९१० आणि १९११ या वर्षांत रस्त्याकडेला बसलेला सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्यापैकी कित्येकींच्या नजरेस पडला असेल. त्याच्याजवळ कॅमेरा असे. किती अंतरावरून छायाचित्र टिपायचे हे आधीच ठरवून तो थांबून राही आणि एखादी स्त्री नेमकी त्या अंतरावर आली की कळ दाबी. शटरचा आवाज मोठा होता. स्त्री दचके, तिच्यासोबतचा गृहस्थ रागावे. मुलगा मात्र चित्र मिळाल्याच्या आनंदात तेथून निघून जाई.

हा मुलगा म्हणजे जाक आन्री लार्तीग. रस्त्यावरील जीवन नकळत टिपण्याच्या कलेचा इतिहास आज त्यांच्या उल्लेखाशिवाय पुरा होत नाही. तथापि, ही चित्रे जगासमोर येण्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे जावी लागली. तोपर्यंत लार्तीग यांना लोक ओळखत होते ते चित्रकार म्हणून. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय नव्हता. ती त्यांची हौस होती.

लार्तीग यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी पॅरिसजवळील कुर्बव्हा येथे झाला. वडील आन्री लार्तीग हे सधन व्यावसायिक आणि स्वतः उत्साही हौशी छायाचित्रकार होते. घरात कॅमेरे होते, रसायने होती आणि मुलांच्या छंदांवर खर्च करण्याची ऐपतही होती. लहान जाक प्रकृतीने नाजूक होता. कॅमेरा हाती येण्यापूर्वी त्याने स्वतःपुरता एक खेळ शोधून काढला होता. डोळे मिटायचे, उघडायचे आणि समोरचे दृश्य आवाज व वासासह मनात कोंडून ठेवायचे. काही दिवसांनी ही युक्ती चालेनाशी झाली आणि मुलगा निराश झाला. जे आवडते ते निसटून जाते, ही जाणीव त्याला फार लवकर झाली. पुढील सारे आयुष्य त्यांनी त्या जाणिवेशी झुंजण्यात घालवले असे म्हणता येईल.

१९०२ साली वडिलांनी त्याला त्याचा स्वतःचा कॅमेरा दिला. लाकडी पेटीचा, काचेच्या मोठ्या प्लेटांचा आणि तिपाईवर उभा करावा लागणारा हा कॅमेरा आठ वर्षांच्या मुलाच्या मानाने अवजड होता. थोड्याच काळात त्याच्या हाती गोमों कंपनीचा ब्लॉक-नोत हा खिशात मावणारा कॅमेरा आला आणि चित्रांचे स्वरूप पालटले. तिपाईवरील कॅमेऱ्यासमोर माणसांना स्तब्ध उभे राहावे लागे. हातातील कॅमेऱ्याने पळणाऱ्या, उडी मारणाऱ्या, पडणाऱ्या माणसांना गाठता येऊ लागले. १९०५ साली जिन्याच्या पायऱ्यांवरून झेप घेणाऱ्या बिशोनाद या चुलत बहिणीचे चित्र असेच टिपलेले आहे. पायघोळ झग्यातील तरुणी हवेत तरंगते आहे, पाय जमिनीला टेकलेले नाहीत आणि चेहऱ्यावर हसू आहे. छायाचित्र म्हणजे खुर्चीवर बसून काढून घ्यायची गंभीर गोष्ट, असे बहुतेकांना वाटत होते त्या काळातील हे चित्र आहे.

थोरला भाऊ मॉरिस याला घरात झिसू म्हणत. चाकांच्या गाड्या, घसरगाड्या आणि उडती यंत्रे बनविण्याचे त्याला विलक्षण वेड होते. ओव्हेर्न्य प्रांतातील रुझा येथील कुटुंबाच्या वाड्याच्या आवारात हे प्रयोग चालत. झिसू यंत्रे मोडून घेई आणि जाक ती मोडतानाची चित्रे घेई. विमानविद्येची ती पहाट होती. १९०४ साली मेर्लिमों येथील वाळूच्या टेकड्यांवरून गाब्रिएल व्हाझाँ यांनी ग्लायडर हवेत सोडले, तेव्हा नऊ वर्षांच्या जाकने तो क्षण टिपला. पुढे विमानांची मैदाने, मोटारींच्या शर्यती आणि घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या नटव्या मंडळींची गर्दी ही त्याची नित्याची ठिकाणे झाली.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रामागे कॅमेऱ्याच्या यंत्रणेचीच गंमत आहे. फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत धावणारी एक मोटार या चित्रात दिसते. मोटारीचे मागचे चाक लांबट होऊन पुढे झुकले आहे, तर कडेचे प्रेक्षक आणि खांब उलट दिशेला कलले आहेत. त्या काळच्या कॅमेऱ्यात प्लेटच्या अगदी पुढे एक पडदा असे व त्यातील अरुंद फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाई. त्यामुळे संपूर्ण दृश्य एकाच क्षणी न उमटता पट्टीपट्टीने उमटे. जमिनीलगतचा भाग आधी आणि वरचा भाग किंचित नंतर. तेवढ्या अवधीत मोटार पुढे गेलेली असे. शिवाय लार्तीग मोटारीमागोमाग कॅमेरा वळवीत होते, परंतु तिच्या वेगाने नव्हे. म्हणून मोटार पुढे झुकली आणि स्थिर उभी असलेली माणसे मागे कलली. मोटारीचा काही भाग चौकटीबाहेर गेला होता आणि माणसे वाकडी आली होती. त्या काळच्या रूढ कसोट्यांनुसार हे फसलेले चित्र होते आणि लार्तीग यांनी ते बाजूला ठेवून दिले. कित्येक दशकांनंतर तेच चित्र वेगाचे प्रतीक म्हणून जगभर छापले गेले. लार्तीग यांनी त्यावर १९१२ साल नोंदवले होते. ते १९१३ सालच्या शर्यतीचे असावे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी पुढे काढला.

कॅमेऱ्यांचे आकर्षण त्यांना अखेरपर्यंत राहिले. दोन भिंगांच्या स्टिरिओ कॅमेऱ्याने त्यांनी खोलीचा आभास देणारी हजारो चित्रे काढली. १९१२ च्या सुमारास ते रंगीत ऑटोक्रोम प्लेटांकडे वळले. ज्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला होता, त्यांचाच हा शोध. बटाट्याच्या पिठाच्या रंगीत सूक्ष्म कणांतून उमटणारे हे रंग मृदू असत. मात्र प्लेटवर प्रकाश बराच वेळ पडू द्यावा लागे व तोवर समोरच्याला न हलता उभे राहावे लागे. उडी, धाव आणि वारा यांवर ज्याचे प्रेम होते त्याला ही अट जाचक होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ऑटोक्रोम सोडून दिले.

लार्तीग यांनी चित्रकला हाच आपला व्यवसाय मानला. १९१५ साली त्यांनी पॅरिसच्या झुलियाँ अकादमीत शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात प्रकृतीच्या कारणाने ते आघाडीवर गेले नाहीत. पॅरिसमध्ये लष्करी डॉक्टरांसाठी त्यांनी मोटार चालविली. १९१९ साली संगीतकार आंद्रे मेसाजे यांची कन्या मादलेन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लार्तीग तिला बीबी म्हणत. शामोनीचे बर्फ, बियारित्झचा समुद्रकिनारा, रिव्हिएराचे ऊन अशा प्रवासांत कॅमेरा सदैव बरोबर असे. प्रवासातही ते प्रेक्षणीय स्थळांपेक्षा सोबतच्या माणसांकडे अधिक पाहत. लाटेचा तुषार अंगावर घेणारी बीबी, पाण्यात सूर मारणारा मित्र, वाऱ्याने उडालेली टोपी हेच त्यांचे विषय राहिले.

१९३० च्या दशकात कुटुंबाची सांपत्तिक स्थिती खालावली. बीबीशी विवाह टिकला नाही. रुमानियात जन्मलेल्या रने पेर्ल हिच्या सहवासातील दोन वर्षे आणि दुसरा, अल्पकाळचा विवाह यांनंतर १९४५ साली त्यांनी फ्लोरेत ओर्मेआ हिच्याशी विवाह केला. ही साथ मृत्यूपर्यंत टिकली. पैशाची चणचण असतानाही त्यांनी नोकरी धरली नाही. चित्रे विकून ते गुजराण करीत. फुले आणि मोटारींच्या शर्यती हे त्यांच्या चित्रांचे विषय. संग्रही असलेली छायाचित्रे मात्र अल्बमच्या पानांवर चिकटविली जात आणि आप्तमित्रांना दाखविली जात, एवढेच.

१९६२ साली लार्तीग दांपत्य मालवाहू जहाजाने अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कमध्ये राफो छायाचित्रसंस्थेच्या चार्ल्स रादो यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि ती म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पोहोचविली. तेथील छायाचित्र विभागाची सूत्रे जॉन झारकोव्स्की यांनी नुकतीच हाती घेतली होती. १९६३ साली तेथे लार्तीग यांचे प्रदर्शन भरले. तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस लाइफ साप्ताहिकाने त्यांच्या चित्रांना अनेक पाने दिली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या वृत्तान्तामुळे तो अंक असंख्य घरांत गेला, जपून ठेवला गेला. शोकाच्या पानांशेजारी एका फ्रेंच मुलाचे निश्चिंत जग अमेरिकेने पाहिले. ही प्रसिद्धी कोणाला योजून मिळविता आली नसती.

१९७० साली ख्यातनाम छायाचित्रकार रिचर्ड अॅव्हेडन यांनी संपादित केलेले त्यांच्या चित्रांचे व रोजनिशीचे पुस्तक आले आणि कीर्ती पक्की झाली. १९७४ साली फ्रान्सचे नवे अध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांनी आपले अधिकृत छायाचित्र काढण्याचे काम लार्तीग यांच्याकडे सोपविले. मानाचे हे काम आयुष्यभर हौशी राहिलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाकडे आले. चित्रकार म्हणून नाव व्हावे ही त्यांची इच्छा होती. नाव झाले ते छंदामुळे. १९७९ साली त्यांनी आपला सारा संग्रह फ्रेंच शासनास अर्पण केला. एक लाखाहून अधिक छायाचित्रे आणि शंभराहून अधिक मोठे अल्बम त्यात होते.

या कथेला दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाने लार्तीग यांची जी प्रतिमा उभी केली ती काही न शिकता, सहजप्रेरणेने चित्रे टिपणाऱ्या निरागस बालकाची होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अमेरिकी अभ्यासक केव्हिन मूर यांनी ही प्रतिमा तपासून पाहिली. लार्तीग हे एका जाणत्या छायाचित्रकाराचे पुत्र होते. त्या काळच्या सचित्र नियतकालिकांत काय छापून येते हे त्यांना ठाऊक होते. उडी गोठविण्याचे खेळ तेव्हाच्या हौशी मंडळींत रूढ होते. कीर्ती मिळाल्यावर लार्तीग यांनी आपले जुने अल्बम उसकटून नव्याने रचले, हेही उघड झाले. ज्याला शतकाची रोजनिशी म्हटले गेले ती वृद्धपणी निवडून लावलेली रोजनिशी होती.

त्या रोजनिशीत काय नाही, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. दोन महायुद्धांतून गेलेल्या या माणसाच्या संग्रहात युद्धाची छाया अगदी पुसट आहे. १९२४ साली जन्मलेली त्यांची कन्या काही महिन्यांतच दगावली. त्या दुःखाने अल्बममध्ये फारशी जागा घेतलेली नाही. गरिबी, संप, रांगा यांच्यासाठी त्यांचा कॅमेरा उघडला गेला नाही. हे सुखवस्तू वर्गाचे डोळे झाकून घेणे होते, असा आक्षेप घेता येतो व तो निराधार नाही. परंतु सुख निसटते म्हणून बालपणी हताश झालेल्या मुलाने पुढे केवळ सुखच धरून ठेवण्याचा हट्ट धरला, असेही त्याकडे पाहता येते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी खऱ्या आहेत.

त्यांचे तंत्र मुलखावेगळे नव्हते आणि त्यांच्यासारखे कॅमेरे इतर श्रीमंत घरांतही होते. वेगळेपण होते ते चिकाटीत. आठव्या वर्षी लागलेले वेड त्यांनी नव्वदी उलटेपर्यंत सोडले नाही. काचेची प्लेट जाऊन फिल्म आली, लाकडी पेटी जाऊन रोलायफ्लेक्स आणि लायका आले, घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या. कोणी मोबदला देत नव्हते, कोणी मागणी करीत नव्हते, तेव्हाही ते रोज चित्रे टिपत, रात्री रोजनिशीत हवामान लिहीत आणि दिवसभरात टिपलेल्या दृश्यांची चिमुकली रेखाटने काढून ठेवीत. उपयोगाचा विचार न करता केलेले हे काम आज एका लोप पावलेल्या जगाचा मोलाचा दस्तऐवज ठरले आहे.

१२ सप्टेंबर १९८६ रोजी नीस येथे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी लार्तीग यांचे निधन झाले. बुलोन्यच्या रस्त्यावरील त्या स्त्रिया, त्यांच्या टोप्या आणि त्यांची कुत्री केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली. शटरच्या आवाजाने दचकून वळलेली त्यांची नजर मात्र एका शाळकरी वयाच्या मुलाच्या हौसेमुळे शंभरहून अधिक वर्षे टिकून राहिली आहे.