इतिहासाचार्य राजवाडे आणि आपली माहिकावती

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील पुरुषाचे चरित्र कशासाठी, असे काही ज्ञातिबांधव विचारतील व त्यांचे विचारणे रास्तच आहे. परंतु मुंबई, साष्टी, वसई व केळवे-माहीम या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कुळांचा पूर्ववृत्तांत ज्या एका ग्रंथावर आपण आजवर उभारीत आलो, तो ग्रंथ जगापुढे शोधून, तपासून व छापून ठेवण्याचे श्रम ज्यांनी केले, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आपल्या ज्ञातीचे नव्हते. त्यांचे हे ऋण आपल्या पुस्तकांतून एका ओळीत उरकले जाते. त्यांनी त्या ग्रंथास जी प्रस्तावना जोडली ती तर फारच थोड्यांनी वाचली असावी. ज्ञातीचा कुलवृत्तांत तयार करण्याचे बोलणे पुन्हा सुरू झालेले असल्यामुळे राजवाड्यांचे चरित्र याच वर्षी सांगावे असे आम्हांस वाटले.

राजवाड्यांचा जन्म 1863 सालचा. याच साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. माडगांवकरांनी डोळ्यांसमोरची मुंबई लिहून ठेवली. तिच्या पोटात गाडलेली जुनी मुंबई कोठे शोधावी, हे पुढे राजवाड्यांनी दाखविले. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसई गावाशी त्यांच्या घराण्याचा संबंध. वडील लवकर वारले. वडील बंधू वैजनाथ हेही पुढे विद्वान म्हणून नावाजले. विश्वनाथरावांचे महाविद्यालयीन शिक्षण मात्र रखडत चालले. नेमलेली पुस्तके सोडून ग्रंथालयातील इतर ग्रंथांत रमणारा हा विद्यार्थी बी. ए. होईपर्यंत 1890 साल उजाडले. काही काळ पुण्यात शिक्षकी केली, पण तेथेही मन रमले नाही. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली आणि त्यांनी पुनश्च संसार थाटला नाही. 1894 च्या सुमारास त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, प्लेटोचा ‘रिपब्लिक’ मराठीत आणला. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहावयाचे ते मराठीतच, हा नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

त्यांच्या आयुष्यास वळण लागले ते वाईस. तेथील एका घराण्यात पडून असलेली जुनी पत्रे त्यांच्या हाती आली आणि ती वाचताना हे पेशवाईतील अस्सल राजकारणी कागद आहेत, पानिपतच्या 1761 च्या संग्रामापर्यंतची हकीकत त्यांत लिहिणाऱ्यांच्या हातची आहे, हे त्यांनी ओळखले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला तो याच पत्रांचा. पुढे या मालेचे 22 खंड झाले. या 22 खंडांमागे काय होते? ना सरकारी पगार, ना संस्थानिकाची नेमणूक. धोतर, कोट व पाठीशी थोडे सामान एवढ्यावर हा मनुष्य गावोगाव हिंडत होता. मुक्कामास हाताने स्वयंपाक करावा, गावातील जुन्या घरांची चौकशी करावी, माळ्यावरचे रुमाल खाली काढावयास लावावेत, धूळ झटकून मोडीचे कागद एकेक उलगडावेत, नकला करून घ्याव्यात, आणि पुढच्या गावचा रस्ता धरावा. कित्येक ठिकाणी दारच उघडत नसे. कागद दाखविले तर वतनाचा तंटा उपटेल, भाऊबंद जागे होतील, अशी धास्ती मालकांस वाटे. आणि ज्यांना ती धास्ती नव्हती त्यांनी ते कागद आधीच वाण्यास पुड्या बांधावयास दिलेले असत. ज्या घरांत सरदारकी होती तेथेच इतिहास असतो, ही समजूतही राजवाड्यांनी मोडून काढली. कुळकर्ण्याचा हिशेब, जोशाची वही, गुरवाच्या देवस्थानाची सनद, पाटलाच्या हक्काचा महजर, दोन भावांच्या वाटणीचे पत्र, यांतही गावाचा इतिहास दडलेला असतो, हे त्यांनी कृतीने पटवून दिले.

बखरींविषयी त्यांचे मत प्रारंभापासून कडक होते. घटना घडल्यावर दोन-चार पिढ्यांनी ऐकीव गोष्टींवरून लिहिलेली बखर आणि घटनेच्या दिवशी लिहिलेले पत्र ही दोन्ही एकाच तराजूत घालता येत नाहीत, हा विचार त्यांनी खंडांच्या प्रस्तावनांतून पुन्हा पुन्हा मांडला. बखरकार काळाचा घोटाळा करतो, स्थळांची अदलाबदल करतो, धन्यास आवडेल ते वाढवितो. कागद मिळाला की तो केव्हाचा, कोणाच्या हातचा, कोणासाठी लिहिलेला व आजवर कोणाच्या घरात होता, हे विचारल्याखेरीज त्यातील मजकुरास हात लावू नये, ही त्यांची शिस्त होती. आज हे सर्वमान्य आहे. त्या काळी मात्र या शिस्तीपायी त्यांनी पुष्कळांचा रोष ओढवून घेतला.

1910 सालच्या जुलै महिन्याच्या 7 तारखेस पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ही संस्था आजही उभी आहे आणि पुणे शहराच्या स्थानिक इतिहासाचे कितीतरी कागद तिच्या संग्रहामुळे वाचले. पण संस्था चालविण्यास जी सोशिकता लागते ती राजवाड्यांपाशी नव्हती. मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर होऊन धुळ्यास गेले. त्यांचा स्वभाव तापट व एकमार्गी होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही लपविलेले नाही.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. ज्ञातीच्या स्मरणिकेत तर ती वगळणे योग्य नव्हे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीविषयी राजवाड्यांनी जे लिहिले व जे मंडळामार्फत प्रसिद्ध झाले, त्याने त्या समाजाचे मन दुखावले. प्रबोधनकार ठाकरे यांनी 1918 साली ‘कोदण्डाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्यास सडेतोड उत्तर दिले. जातीजातींच्या कलहांत निर्माण झालेले कागद कलहातील एका पक्षाचे असतात, हे बखरीस कडक कसोटी लावणाऱ्या या पुरुषास कळले नसेल असे म्हणवत नाही. परंतु वर्णश्रेष्ठत्वाची जी कल्पना त्यांच्या मनात घट्ट बसली होती तिच्यापुढे त्यांची स्वतःची कसोटी येथे लुळी पडली, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रबोधनकारांनीही नुसता संताप करून न थांबता पुराव्यास पुरावा दिला, हे त्यांचे मोठेपण. ज्ञातीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन्ही बाजूंची कागदपत्रे एकदा तरी समोरासमोर ठेवून वाचावीत.

आता आपल्या विषयाकडे वळू. 1922 साली शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्ये कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यावर, दोनच वर्षांनी, म्हणजे 1924 साली, राजवाड्यांनी ‘माहिकावतीची बखर’ संपादून छापली. बखरींवर आयुष्यभर टीका केलेल्या संशोधकाने साठी उलटल्यावर एका बखरीसाठी एवढे कष्ट का घ्यावेत? याचे उत्तर त्या बखरीच्या स्वरूपात आहे. उत्तर कोकणातील सामान्य कुळे कोठून आली, कोणत्या गावी वसली, कोणास कोणती वृत्ती मिळाली, याचा जुना लेख मराठीत दुसरा क्वचितच असेल.

बखर म्हणून जे एक पुस्तक आपल्या हाती येते ते वस्तुतः एका माणसाने एका वेळी लिहिलेले नाही. काही भाग पद्य, काही गद्य, प्रकरणे सहा. राजवाड्यांनी प्रत्येक प्रकरणाची भाषा व त्यातील शकांचे उल्लेख पारखून त्यांचे थर वेगळे केले. त्यांतील केशवाचार्याचा भाग शके 1370 चा, म्हणजे 1448 सालचा. राज्ये बुडाली, परका अंमल आला, कुळे आपापले गोत्र व आचार विसरू लागली, अशा वेळी मालाडच्या नायकोराव देसल्यास देवीचा दृष्टान्त झाला, त्याने ठिकठिकाणच्या लोकांस एकत्र जमविले आणि केशवाचार्याने त्यांस वंशावळी व महाराष्ट्रधर्म सांगितला, अशी ती कथा आहे. ज्या मालाडास आज आगगाडीच्या गर्दीत उभे राहावयास जागा मिळत नाही, त्या मालाडास पावणेसहाशे वर्षांपूर्वी कुळांच्या इतिहासासाठी मेळा भरला होता, हे वाचून कोणाही मुंबईकरास नवल वाटेल! दुसरा मोठा भाग शके 1500 चा, म्हणजे 1578 सालचा, आणि त्यानंतरचीही भर त्यात आहे. तेव्हा बखरीत आहे एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या प्रकरणात आहे हे सांगावे लागते. कुलवृत्तांताच्या लेखकांनी हा भेद पाळलेला आमच्या पाहण्यात आला नाही.

बखर सांगते की शके 1060 मध्ये, म्हणजे 1138 साली, प्रतापबिंब राजा या प्रांतात उतरला व त्याच्याबरोबर सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी इत्यादींची मिळून 66 कुळे आली. आपल्या घरोघरी हीच कथा सांगितली जाते. आता परळ येथे सापडलेला शिलालेख पाहा. तो 1187 सालचा असून त्यात शिलाहार राजा अपरादित्य याचे नाव आहे. बखरीप्रमाणे त्या काळी माहीम येथे बिंबाचा वंश राज्य करीत होता. दगड तर शिलाहारांचे नाव सांगतो, आणि दगडावरचे अक्षर मागाहून कोणी वाढविलेले नाही. शिवाय देवगिरीच्या यादवांच्या पाडावानंतर रामदेवरावाचा पुत्र बिंबदेव कोकणात उतरल्याची हकीकतही याच बखरीत आहे. दोन बिंबांच्या कथा एकमेकींत मिसळल्या काय, यावर विद्वानांत मतभेद झाले ते यामुळेच. आमचे मत असे की, कुळे आली व वसली ही आठवण खरी. ती नेमकी कोणत्या शकात आली हे बखरीच्या एकट्या शब्दावर छातीठोकपणे छापू नये.

राजवाड्यांची प्रस्तावना वाचणाऱ्यास दुसरा धक्का बसतो. उत्तर कोकणातील गावांची नावे घेऊन, त्यांतील झाडे, प्राणी व जुन्या वस्त्या ओळखून, कोणते लोक कोणत्या क्रमाने येथे आले याचा त्यांनी शोध घेतला. ही पद्धत फलदायी आहे. व्युत्पत्तीच्या भरात ते कित्येकदा फार दूर वाहवत गेले, हेही खरे. पण राज्यांमागून राज्ये बदलली तरी येथील रयतेस त्याचे सुखदुःख नव्हते, जमिनीत अन्न सहज पिकत होते म्हणून राजा कोण याची कोणी फिकीर केली नाही, असा जो निष्कर्ष त्यांनी काढला तो आपणांस गोड लागणारा नाही. आम्हांसही तो सर्वस्वी मान्य नाही. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेत येथील माणसांनी दिलेले साह्य विसरता येत नाही. तथापि तो निष्कर्ष खोडावयाचा असेल तर कागद पुढे ठेवले पाहिजेत, जसे प्रबोधनकारांनी ठेवले. आमच्या माहितीच्या एका ग्रंथसंग्रहात या बखरीची जुनी प्रत आहे. तिची कुळांच्या यादीची पाने बोटे लागून काळवंडली आहेत, प्रस्तावनेची पाने मात्र जशीच्या तशी स्वच्छ आहेत.

बखर छापल्यानंतर राजवाड्यांस फार दिवस लाभले नाहीत. 1926 सालच्या डिसेंबरच्या 31 तारखेस धुळे येथे त्यांचा अंत झाला. मागे ना संसार होता, ना इस्टेट. होती ती टिपणे, नकला व कागदांची गाठोडी. धुळेकरांनी ती वाऱ्यावर जाऊ दिली नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले, आणि पुढे त्यांचे समग्र साहित्यही या मंडळाने छापून प्रसिद्ध केले.

आपल्या मुलखातील साधने अजून संपलेली नाहीत. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावे त्यांच्या सह्यांसह सापडतात. वसई प्रांताचे मराठी अमदानीतील कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, कंपनी सरकारचे मुंबईच्या अभिलेखागारात आहेत. घरांतील जुनी खतपत्रे, देवळांचे हिशेब व लग्नाच्या याद्या यांचा तर कोणी हिशेबच घेतलेला नाही. आमच्या पिढीस शाळेत मोडी शिकविली गेली नाही, त्यामुळे वाचता येत नाही म्हणून टाकून दिलेल्या कागदांत काय गेले हे आता कळावयाचे नाही. ज्यांच्या घरी अशी गाठोडी असतील त्यांनी ती उन्हात न घालता सावलीत वारा द्यावा, फाटके कागद चिकटपट्टीने जोडू नयेत, नातवंडांकडून मोबाईलवर प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढवून घ्यावीत, आणि गाठोडे कोणाच्या घरातले व कोणत्या गावचे हे वरच्या कागदावर लिहून ठेवावे. संपादकांकडे पत्राने कळविल्यास पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा कागदांची गाववार यादी देण्याचा आमचा विचार आहे.